खात्यात जमा किती, उचल किती?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



येत्या सर्वसाधारण सभेत तिसऱ्या बोअरचा ठराव आहे. त्याआधी एक हिशेब मांडतो. आयुष्य बँकेत गेलं, दुसरं काही येत नाही!

दुसऱ्या बोअरच्या चेकवर खजिनदार म्हणून माझीच सही आहे. तेव्हा ‘पाणी किती लागलं’ एवढंच आम्ही विचारलं. दरवर्षी भरतं किती, हे विचारलं नाही. आता मे महिन्यात आपल्या जुन्या विहिरीत हातभर पाणी उरतं.

भूजल खातं पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींची पातळी मोजतं. मीही गेल्या वर्षी दोरी सोडून मोजली. मे अखेर पाणी काठापासून ९ मीटरवर, पावसाळ्यानंतर ५ मीटरवर. म्हणजे वाढ ४ मीटर. आपला प्लॉट १०,००० चौरस मीटर. पण पुण्याखाली काळा कातळ आहे. झिजलेल्या, भेगाळलेल्या थरातूनही साधारण २ टक्केच पाणी हाती येतं. गुणाकार करा : ८०० घनमीटर, म्हणजे ८ लाख लिटर. ही वर्षाची जमा.

त्यातले ५ ते १० टक्के ओढ्यानाल्यांसाठी सोडायचे. उरलेल्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर सरकारी वर्गवारीत ‘सुरक्षित’, १०० टक्क्यांच्या वर गेला की ‘अतिशोषित’. आपल्यासाठी सुरक्षित उचल सुमारे ५ लाख लिटर. पावसाळ्यानंतरच्या ८ महिन्यांवर वाटली तर दिवसाला २,१०० लिटर. आपण उपसतो १० हजार!

मग इतकी वर्षं भागलं कसं? जमिनीखाली कंपाउंडची भिंत नसते. हे जॉइंट खातं आहे. शेजाऱ्यांच्या वाट्याचं आणि जुन्या ठेवीतलं आपण खातोय. तिसरं बोअर म्हणजे नवी ठेव नव्हे, त्याच खात्याचं तिसरं चेकबुक.

हिशेब ढोबळ आहे, भूवैज्ञानिकाकडून तपासून घ्यावा. पण जमा वाढवता येते. आपल्या १,५०० चौरस मीटर गच्च्यांवर ७०० मिलिमीटर पाऊस धरला तरी १० लाख लिटर पडतं आणि गटारात जातं. त्यातलं निम्मं गाळून विहिरीत सोडलं तरी मोठी भर पडेल.

माझी विनंती एवढीच : बोअरचा खर्च गच्चीच्या पाइपांवर करा, दोन्ही बोअरना मीटर लावा आणि विहिरीची पातळी दरमहा नोटीस बोर्डावर लिहा. सुवर्णमहोत्सवाला मी नसेन; विहिरीत पाणी असावं.