चांद्याची सनद कोणाच्या हाती?

(ऊर्जानगर येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आपण बसलो आहोत तेथून वीजकेंद्राची धुराडी दिसतात. आपल्या भुईतला कोळसा तेथे जळतो, इरई धरणाचे पाणी तेथे जाते. 2920 मेगावॅट वीज तयार करण्याची ह्या केंद्राची ताकद आहे, आणि ती वीज दूरदूरच्या शहरांत पोहोचते. तेव्हा एक साधा प्रश्न आम्ही आपणांपुढे ठेवतो. हे पाणी, ही भुई, हे रान पूर्वी कोणाचे होते, आणि ते कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच चांद्याचा राजकीय इतिहास होय.

रानात राज्य कसले, असे पुष्कळांस वाटते. त्यांनी चांद्याचा परकोट पाहावा. खांडक्या बल्लाळशहाने हे शहर वसविले. त्याभोवती सुमारे सात मैलांचा कोट उभा राहिला. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा ह्या वेशी आजही उभ्या आहेत. अकबराच्या दरबारातील अबुल फजल ह्याने चांद्याच्या बाबाजी बल्लाळशहापाशी 1000 घोडेस्वार व 40,000 पायदळ असल्याची नोंद केली आहे. असे हे गोंडांचे राज्य होते.

पण आमच्या मते कोटाहून मोठी गोष्ट तलावांची आहे. हीरशहा राजाची कीर्ती अशी सांगतात की, जो रान तोडून जमीन वहितीस आणील त्याला त्या जमिनीची सनद मिळे. आणि जो तलाव बांधील त्याला, त्या तलावाच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी जमीन मिळे. ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आधी कुदळ चाले, मग कागद लिहिला जाई. ब्रह्मपुरी-नागभीडकडे कोहळ्यांनी असे तलाव बांधले. त्यावर धान पिकले, ढीवराला मासळी व शिंगाडा मिळाला, कुंभाराला चिखल मिळाला, गुरांना पाणी मिळाले.

आम्ही गोंड राजांचे भाट नव्हे. ते राजे होते, सारा घेत होते, घरात भाऊबंदकीही होती. वीरशहाचा तर खून झाला. पण त्याच्या मागे राणी हिराईने राज्य सांभाळले, नवऱ्याची समाधी बांधली आणि महाकालीचे देऊळ उभारले. चैत्रात ज्या देवळापुढे लाखो गोरगरीब डोके टेकतात, ते एका गोंड राणीचे काम आहे हे आपल्या लेकींना सांगा.

पुढे 1751 च्या सुमारास नागपूरच्या रघूजी भोसल्याने नीलकंठशहास कैदेत टाकले आणि गोंडांचे राज्य बुडाले. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याचा किल्ला तोफांनी फोडला. 1853 साली शेवटचा रघूजी निपुत्रिक वारला, तेव्हा सारे राज्य कंपनी सरकारने खालसा केले.

ते मुकाट्याने झाले नाही. 1858 साली मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके ह्या तरुण जमीनदाराने गोंड व रोहिले जमवून इंग्रजांवर हत्यार उचलले. इंग्रजांना तो लढाईत सापडेना. तेव्हा त्यांनी अहेरीच्या जमीनदारीणबाईवर दाब आणला आणि तिच्याकरवी त्यास पकडले. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिले. बाईला बक्षीस म्हणून जमीनदारी मिळाली. घरचाच माणूस फोडला की परक्याचे काम सोपे होते, हे आपण त्यातून शिकावे.

पण फाशीहून खोल घाव लेखणीने घातला. 1860 नंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारास गावाचा मालक ठरविले. ज्याच्या बापजाद्यांनी पाळ रचली तो कूळ झाला, आणि तलाव मालगुजाराच्या नावे चढला. पुढे 1878 चा जंगल कायदा आला. काल जो बांबू, मोह, तेंदू आपला होता, तो सरकारी झाला. बुरूड टोपली विणण्याकरिता बांबू तोडू लागला तर तो चोर ठरला!

असे आपल्याच वाट्यास आले असे नाही. पश्चिम आफ्रिकेत अशांती लोकांचे मोठे राज्य होते. 1896 साली इंग्रजांनी त्यांचा राजा प्रेम्पे ह्यास पकडून देशाबाहेर नेले. 1900 साली त्यांचे पवित्र सुवर्णासनही मागितले, तेव्हा या असांतेवा ही राजमाता लढाईस उभी राहिली. 1957 साली तो मुलूख घाना ह्या नावाने स्वतंत्र झाला. पुढे 1965 मध्ये तेथे अकोसोंबोचे धरण पुरे झाले. वीज आली, पण सुमारे 80,000 माणसांना घरेदारे सोडावी लागली. स्वराज्य आले म्हणजे गरिबाचा हिशेब आपोआप चुकता होत नाही, हे तेथेही दिसले.

आपल्याकडे 1951 साली मालगुजारी गेली. फार चांगले झाले. परंतु तलाव बांधणाराकडे परत आले नाहीत. ते सरकारकडे गेले, आणि धनी दूर गेल्यामुळे कित्येक पाळी फुटल्या, गाळ साचला. 1956 साली हा जिल्हा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात आला, 1982 साली त्यातून गडचिरोली वेगळा झाला. नकाशे बदलले, रानाची किल्ली मात्र खात्याकडेच राहिली.

ती किल्ली परत मागण्याची वाट 2006 च्या वनहक्क कायद्याने दिली. 2009 साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावास सुमारे 1800 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 साली त्या ग्रामसभेने आपला बांबू आपण विकला. 2012 साली आपल्या जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने हक्क मिळविला. कोणी आकाशातून आणून दिला नाही. गावकरी बसले, कागद वाचले, अर्ज केले, नाकारले तर पुन्हा केले.

ह्यात एक फसगत सांभाळा. हा कायदा केवळ आदिवासींचा, असे बिगर-आदिवासी बांधवांस सांगितले जाते. ते खोटे आहे. इतर जुन्या वननिवाशांसही त्यात हक्क आहे. मात्र त्यांना तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. ही अट जड आहे, हे आम्ही लपवीत नाही. म्हणूनच आजोबांच्या वेळच्या पावत्या, निस्तारपत्रक, जुना सातबारा आजच शोधा. गावातील म्हाताऱ्यांचे जबाब ते हयात आहेत तोवर लिहून घ्या. आणि ग्रामसभेत गोंड, कोहळी, ढीवर, बुरूड, कुंभार, महार, सारे एका सतरंजीवर बसा. आयाबहिणींनो, रानातून मोह-तेंदू तुम्ही आणता, पाणी तुम्ही भरता. तुमच्यावाचून भरलेली ग्रामसभा अर्धीच समजावी.

हीरशहाच्या काळी कुदळ मारली की सनद मिळे. आज कुदळीबरोबर लेखणीही उचलावी लागेल. येत्या ग्रामसभेस जाताना आपल्या गावच्या तलावाचा गट नंबर काढून न्या, आणि तो तलाव आज कोणाच्या नावे आहे हे भर सभेत विचारा. तेथून आरंभ करा.