कागदी क्रौंच आणि आशेचा हिशेब



साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर होमिओपॅथीचा डॉक्टर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझा विषय औषधाच्या पुडीपासूनच सुरू होतो. आम्हा होमिओपॅथीवाल्यांचा अर्धा जन्म पुड्या बांधण्यात जातो. रुग्ण घरी जाऊन पुडी उघडतो, औषध जिभेवर टाकतो आणि कागद फेकून देतो. हिरोशिमाच्या रेडक्रॉस रुग्णालयात १९५५ साली बारा वर्षांची एक मुलगी मात्र असे कागद जपून ठेवत असे आणि त्यांचे पक्षी करीत असे. तिचे नाव सदाको सासाकी.

हा पक्षी म्हणजे क्रौंच. जपानीत त्याला त्सुरू म्हणतात. आपल्याकडचे करकोचा आणि सारस त्याच कुळातले. क्रौंच हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार वर्षे, अशी जपानी म्हण आहे. म्हणून तो दीर्घायुष्याचे चिन्ह झाला. कागदाच्या घड्या घालून तो करण्याची कला जुनी आहे. १७९७ साली क्योतो येथे छापलेल्या एका पुस्तकात एकाच कागदाला चिरा देऊन एकमेकांना जोडलेले क्रौंच करण्याचे ४९ प्रकार दिलेले आहेत. हजार कागदी क्रौंच दोऱ्यात ओवले की त्यांना 'सेन्बाझुरू' म्हणतात. रुग्णाला आराम पडावा म्हणून नातेवाईक आणि शाळासोबती असे हार करून देतात. आपण एखाद्यासाठी जप करतो किंवा नवस बोलतो, त्यातलाच हा भाव.

साहित्याच्या मंडळींना क्रौंच परका नाही. वाल्मीकींच्या तोंडून पहिला श्लोक निघाला तो व्याधाने क्रौंचाच्या जोडीतला एक मारला तेव्हा. एका पक्ष्याच्या वधाचे दुःख ही आपल्या काव्याची सुरुवात मानली जाते. जपानमध्ये त्याच पक्ष्याशी एका मुलीच्या मृत्यूचे दुःख जोडले गेले.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. सदाको तेव्हा अडीच वर्षांची होती. घर स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे १.६ किलोमीटरवर. तिला वरवर काही इजा झाली नाही. पुढची नऊ वर्षे ती इतर मुलांसारखी वाढली. धावण्यात तर ती वर्गात पुढे होती. १९५४ च्या अखेरीस मानेवर गाठी दिसू लागल्या, मग पायांवर जांभळे डाग आले. २१ फेब्रुवारी १९५५ रोजी तिला रुग्णालयात दाखल केले. निदान झाले रक्ताच्या कर्करोगाचे.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ही नऊ वर्षे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. स्फोटानंतर दोन-तीन वर्षांत तिथे या रोगाचे रुग्ण वाढू लागले आणि सहा-आठ वर्षांच्या सुमारास ती वाढ कळसाला गेली. किरणोत्सर्गाच्या वेळी ज्यांचे वय लहान, त्यांना धोका अधिक. म्हणजे बॉम्ब एका सकाळी पडला, पण तो मुलांच्या हाडांतल्या मज्जेत वर्षानुवर्षे काम करीत राहिला. १९५५ साली या रोगावर फारसा उपाय नव्हता. आज चांगल्या केंद्रात मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारातली दहापैकी आठ-नऊ मुले बरी होतात. म्हणून गाठी आणि जांभळे डाग असलेले मूल माझ्याकडे आले, तर मी पुडी बांधत बसत नाही. त्याच दिवशी रक्त तपासायला लावतो आणि मोठ्या रुग्णालयात धाडतो. हे इथे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नागोयाच्या विद्यार्थ्यांनी रुग्णांसाठी कागदी क्रौंच भेट पाठवले. ते पाहून सदाकोने घड्या घालायला सुरुवात केली. कागद मिळेल तो. पुढेपुढे ती इतके लहान पक्षी करू लागली की घडीसाठी सुईचे टोक वापरावे लागे.

ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी मुलांच्या पुस्तकात वाचली असेल. एलिनॉर कोअर या लेखिकेची १९७७ सालची कादंबरी जगभर गेली. तीत सदाको ६४४ पक्षी करते आणि तिचे प्राण जातात. उरलेले ३५६ तिचे मित्र करतात. वाचताना डोळ्यांत पाणी येते. पण हिरोशिमाचे शांतता स्मृतिसंग्रहालय आणि तिचा थोरला भाऊ सांगतात ते निराळे आहे. तिचे हजार पक्षी ऑगस्ट संपण्यापूर्वीच पुरे झाले होते. आजार हटला नाही. तरी ती पक्षी करीतच राहिली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी ती गेली.

श्रोतेहो, माझे आजचे सगळे म्हणणे या दोन आकड्यांमधल्या फरकावर उभे आहे. कादंबरीतली मुलगी गेली, कारण हजार भरले नाहीत असे वाचकाला वाटू शकते. अजून साडेतीनशे झाले असते तर? या 'तर'ने मन हळवे होते, आणि बॉम्ब बाजूला पडतो. खऱ्या सदाकोने आपली बाजू पूर्ण केली होती. सौदा तिने पाळला, समोरून काही मिळाले नाही. त्यानंतर घातलेली प्रत्येक घडी ही सौद्याबाहेरची होती. दवाखान्यात मी दोन्ही प्रकारची आशा पाहतो. एक म्हणते, मी एवढे केले, आता मला एवढे मिळालेच पाहिजे. ती हिशेब चुकला की कोसळते. दुसरी हिशेब मिटल्यावरही हात हलता ठेवते. आजाऱ्याला शेवटपर्यंत माणूस म्हणून जगवते ती दुसरी.

तिला भोळी समजू नका. घरच्यांनी तिला रोगाचे नाव सांगितले नव्हते. तिच्या मृत्यूनंतर एक कागद सापडला. त्यावर तिने आपल्या रक्ततपासणीचे आकडे गुपचूप उतरवून ठेवले होते. पेशी किती वाढल्या, किती घटल्या, हे ती मुलगी पाहत होती. मोठ्यांनी लपवले ते मुलाला कळत नाही, हा आपला समज आहे. ते त्याला कळते, आणि मग ते एकटेच वाहावे लागते.

तिच्या वर्गमित्रांनी पैसे गोळा करायला सुरुवात केली. जपानभरच्या शाळा धावून आल्या. ५ मे १९५८ रोजी, जपानच्या बालदिनी, हिरोशिमात मुलांचे शांतता स्मारक उभे राहिले. त्यावर सोनेरी क्रौंच उंच धरलेली मुलगी आहे. आतली घंटा भेट दिली हिदेकी युकावा यांनी. अणूच्या गाभ्यातल्या बलांचा अभ्यास करून १९४९ साली नोबेल मिळवलेले हे शास्त्रज्ञ. तिथे आज दरवर्षी सुमारे १० टन, म्हणजे एक कोटीच्या आसपास, कागदी क्रौंच येतात.

मग एवढ्या कागदाने युद्ध थांबले का? नाही. २०२२ साली युक्रेनसाठी क्रौंच पाठवण्याचे ठरले तेव्हा जपानमध्येच टीका झाली, की बेघर माणसाला घड्या घातलेला कागद काय कामाचा? ही टीका मला रास्त वाटते. खुद्द क्रौंचाची कथाही तेच सांगते. होक्काइदोतला तांबड्या डोक्याचा क्रौंच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ नाहीसा झाला होता. १९५२ च्या कडक हिवाळ्यात तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला मका घालायला सुरुवात केली. आज ते पक्षी हजाराच्या वर आहेत. चिन्हाने पक्षी वाचला नाही, मक्याने वाचला. पण मका घालावासा वाटला, त्यामागे शतकानुशतकांची माया होती. चिन्हाचे काम एवढेच असते: हात कामाकडे वळवणे.

जैन घरात वाढल्याने एक शब्द मला राहूनराहून आठवतो. १९४९ साली आचार्य तुलसींनी अणुव्रत चळवळ सुरू केली. हिरोशिमाला चार वर्षेच झाली होती. अणुबॉम्बमधला अणु आणि अणुव्रतातला अणु, शब्द एकच. लहानशा कणात शहर जाळण्याची शक्ती असेल, तर लहानशा नेमातही काही शक्ती असली पाहिजे. औषधाच्या पुडीच्या कागदाला सुईने घातलेली घडी हा तसाच एक नेम.

नातवंडांना ही गोष्ट सांगाल तेव्हा एवढे करा. तिचे हजार पुरे झाले होते, हे सांगा. ती का गेली, तेही सांगा. बॉम्बचे नाव गाळू नका. आणि मग त्यांच्या हातात एक चौकोनी कागद द्या.