वाट चालणाऱ्याचा हक्क

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला विषय दिला, ‘स्थलांतरित कामगार आणि आपली जबाबदारी’. विषय मोठा आहे. आम्ही काही पदवीधर वक्ते नाही. रिंगखात्यात उभं राहून आयुष्य गेलं आणि पाळी संपल्यावर जे वाचता आलं तेवढं वाचलं. म्हणून इकडच्या तिकडच्या गोष्टी न करता एकाच प्रसंगाबद्दल बोलणार आहोत. २०२० साली टाळेबंदीत लाखो कामगार पायी आपल्या गावाला निघाले. त्यांना मदत कुणी केली, ती कुठं कमी पडली आणि पुन्हा तशी वेळ आली तर आपण काय करायचं, एवढंच सांगायचं आहे.

२४ मार्च २०२० ची रात्र आठवा. आठ वाजता पंतप्रधानांचं भाषण झालं आणि बारा वाजता देश बंद. मध्ये वेळ किती मिळाला? चार तास! प्रवासी गाड्या तर त्याच्या दोन दिवस आधीच थांबल्या होत्या. ज्याच्या घरात महिन्याचा किराणा आहे, त्याला घरी बसा म्हणणं सोपं आहे. पण रोज कमावणाऱ्यानं काय करायचं?

तेव्हा पुष्कळ शिकलेले लोक म्हणाले, “हे लोक अडाणी आहेत, उगाच घाबरले.” बंधूंनो, हे खरं नाही. गिरणगावातल्या जुन्या माणसांना विचारा. एका खोलीत दहा-बारा, कधी वीस माणसं राहायची, ती कशी मावायची? पाळीनं मावायची. दिवसपाळीवाला कामावर गेला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा व्हायचा. आजच्या परराज्यातल्या कामगाराची खोली तशीच आहे. आता सगळ्या पाळ्या एकदम बंद झाल्या तर त्या खोलीत माणसं बसणार कुठं आणि झोपणार कुठं? खानावळ बंद, कंत्राटदाराचा फोन बंद, मागची मजुरी त्याच्याकडं अडकलेली, आणि खोलीवाला दारात उभा. मग माणूस चालायला लागला. तो वेडा म्हणून चालला नाही, त्याला दुसरं काही उरलंच नव्हतं.

आमची स्वतःची गिरणी त्याच मार्चात थांबली, ती थांबलीच. पण आमच्यापाशी निदान घर होतं, रेशनकार्ड होतं, ओळखीचा दुकानदार होता. त्या कामगारांपाशी ह्यातलं काहीच नव्हतं. तिथं फरक पडला.

सरकारनं कागद काढले नाहीत असं नाही. २९ मार्चला केंद्राच्या गृहखात्यानं आदेश काढला की मालकांनी बंद काळाची मजुरी न कापता द्यावी, आणि खोलीवाल्यांनी एक महिना भाडं मागू नये. त्याच आदेशात राज्यांच्या हद्दी बंद करायलाही सांगितलं होतं. आता बघा कसं झालं. हद्दी बंद झाल्या, कारण तिथं पोलीस उभे केले. मजुरी देण्याचा आदेश मात्र कागदावर राहिला, कारण मालकाच्या दारात कुणी उभं केलं नाही. पुढं मे महिन्यात तो आदेश मागंही घेतला. गरिबाला अडवणारा आदेश लगेच पाळला जातो आणि गरिबाला देणारा आदेश पडून राहतो, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा लाखो माणसं गावाकडं निघाली होती. गिरण्या ओस पडू लागल्या. मग मालकांनी रोजच्या रोज मजुरी द्यायला सुरुवात केली, नाक्यानाक्यावर जादा दर बोलून माणसं धरून ठेवायचा प्रयत्न केला. कामगाराची किंमत तेव्हा कळली! त्याच वेळी सरकारनं १८९७ चा साथरोग कायदा केला, आणि २०२० सालीही राज्यांनी तोच कायदा बाहेर काढला. सव्वाशे वर्षं कायदा टिकला. पण त्या कायद्यात सरकारला काय करता येईल हे आहे, कामगाराला काय मिळालं पाहिजे ते नाही.

आणि त्याच प्लेगात सावित्रीमाई काय करत होत्या? त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन माई त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मदत म्हणजे काय, हे आम्हाला दुसऱ्या कुणाकडून शिकायची गरज नाही. पोर कुठल्या वाड्यातलं, हे माईंनी विचारलं नाही.

आता जालन्याच्या कामगारांबद्दल सांगतो. हे ऐकायला जड जाईल, पण ऐकलं पाहिजे. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे वीस कामगार. त्यांतले बरेच जण गोंड आदिवासी. भुसावळला गाडी मिळेल ह्या आशेनं ते रुळांच्या कडेनं चालत निघाले. रूळ का धरले? रस्त्यावर पोलीस अडवतात म्हणून, आणि रूळ धरला की वाट चुकत नाही म्हणून. पस्तीसेक किलोमीटर चालून ते बदनापूर-करमाडच्या दरम्यान थकून रुळांवर टेकले. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटत होतं. पण बंद होत्या त्या माणसांच्या गाड्या. मालगाड्या चालूच होत्या. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडी आली आणि सोळा जण गेले. त्यांच्या पोळ्या रुळांवर पसरलेल्या होत्या. तो फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे.

पुढचं ऐका. त्या सोळा जणांचे मृतदेह गावी पोचवायला रेल्वेची सोय झाली. जिवंतपणी ज्यांना गाडी मिळाली नाही, त्यांना मेल्यावर मिळाली. ह्यापेक्षा जास्त आम्ही काय बोलणार?

श्रमिक गाड्या सुरू झाल्या त्या १ मे रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या अडतिसाव्या दिवशी. आपल्या महाराष्ट्रातून पहिली गाडी नाशिकरोडहून भोपाळकडं गेली. ऑगस्ट अखेरपर्यंत चार हजार सहाशेवर गाड्यांतून सुमारे ६३ लाख माणसं पोचवली गेली. हे काम मोठंच झालं, ते नाकारायचं नाही. पण ज्या रेल्वेला मे महिन्यात हे जमलं, तिला मार्चमध्ये का जमलं नाही, हा प्रश्न विचारायला नको का? त्या गाड्यांतसुद्धा ९ सप्टेंबरपर्यंत ९७ माणसं दगावली, असं सरकारनंच संसदेत सांगितलं. आणि रस्त्यावर किती मेली? १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत उत्तर आलं की अशी नोंद ठेवलेली नाही. माणसाच्या मरणाचीही नोंद नाही! ज्याची मोजणी होत नाही, त्याच्यासाठी ना गाडी सुटते, ना भरपाई मिळते.

आता मदतीबद्दल. त्या दिवसांत ह्या देशात चांगली माणसं रस्त्यावर उतरली हेही सांगितलं पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ, नागपूर-हैदराबादच्या रस्त्यावर, आसपास दुसरं काही मिळत नाही अशा जागी शीख बांधवांचा लंगर अखंड चालू होता. येणारा हिंदू, मुसलमान, दलित, आदिवासी, जो असेल तो पंगतीत बसत होता. गावोगावी बायांनी भाकऱ्या थापून दिल्या.

आपल्या वस्तीतले आम्ही काही जणही पडघ्याच्या पुढं नाशिकच्या रस्त्यावर पाणी घेऊन उभे राहत होतो. त्या कामातून जे कळलं ते पुढच्या पिढीसाठी सांगून ठेवतो. लोकांना वाटतं की चालणारा पहिल्यांदा भाकरी मागतो. तसं नाही. तो पहिल्यांदा विचारायचा, “आगे पुलिस है क्या?” म्हणजे भुकेच्या आधी भीती. दुसरं, पाय. चपलेचे पट्टे तुटलेले, तळव्यांना फोड आलेले, त्यामुळे जुन्या चपलांना भाकरीइतकीच किंमत होती. तिसरं, फोन चार्ज करायची सोय. घरच्यांना जिवंत असल्याचं कळवायचं होतं. चौथं, बायाबापड्यांना आडोसा. हे तर पुरुष कार्यकर्त्यांच्या ध्यानातच येत नाही. आपल्या महिला मंडळानं चादरी बांधून आडोसा केला, तेव्हा कितीतरी जणी तिथं थांबल्या. आणि पाणी नुसतं देऊन भागत नाही. उन्हात चाललेल्याला मीठ-साखरेचं पाणी लागतं, थोडं थोडं, बसवून.

ह्यावरून आम्हाला एक गोष्ट पटली. मदत वेगळी आणि संरक्षण वेगळं. भाकरी आपण देऊ शकतो. पण पोलीस मारणार नाही, हद्दीवर अडवणार नाही, मजुरी बुडणार नाही, ह्याची हमी आपण पाण्याची बाटली देऊन देऊ शकत नाही. ती कायद्यानंच मिळते. आणि कायदा नव्हता का? होता! आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ सालचा. परराज्यातून कामगार आणणाऱ्या कंत्राटदारानं त्याची नोंद करावी, जाण्यायेण्याचं भाडं द्यावं, प्रवासाच्या दिवसांची मजुरी द्यावी, असं त्यात लिहिलं होतं. हा कायदा चाळीस वर्षं नीट पाळला असता, तर कुठल्या कारखान्यात कुठल्या जिल्ह्याची किती माणसं आहेत ह्याच्या याद्या तयार असत्या. गाड्या अडतिसाव्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी सुटल्या असत्या.

सर्वोच्च न्यायालयानं मे अखेरीस सांगितलं की ह्या कामगारांकडून रेल्वेचं किंवा बसचं भाडं घेऊ नका, त्यांना जेवणपाणी द्या. ९ जूनला सांगितलं की पंधरा दिवसांत सगळ्यांना पोचवा, आणि टाळेबंदी मोडल्याचे त्यांच्यावरचे खटले मागं घेण्याचा विचार करा. घरी चालत गेला म्हणून खटला! भारतात कुठंही फिरण्याचा आणि कुठंही राहण्याचा हक्क संविधानाच्या एकोणिसाव्या कलमात बाबासाहेबांनी आणि संविधान सभेनं दिलेला आहे. साथीत सरकार बंधनं घालू शकतं, मान्य. पण माणसाला त्याच्या जागी अन्न आणि निवारा न देता बंधन घालणं म्हणजे त्याला कोंडणं आहे.

तो १९७९ चा कायदा आता राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. नव्यात एक चांगलं आहे. स्वतःहून आलेला कामगारही त्यात धरला आहे आणि वर्षातून एकदा गावाला जाण्यायेण्याचं भाडं मालकानं द्यायचं आहे. पण जुना कायदा पाच कामगारांना लागू व्हायचा, नवा दहा असतील तर होतो. आणि घर सोडून आल्याबद्दल जो भत्ता जुन्या कायद्यात होता, तो नव्यात नाही. हे तरुणांनी नीट वाचावं आणि आपल्या भागातल्या कामगारांना समजावून सांगावं.

आता आपल्या वस्तीबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आज आपल्याच गल्ल्यांत बिहारचे, उत्तर प्रदेशचे, ओडिशाचे कामगार भाड्यानं राहतात. आपल्यातलेही काही जण म्हणतात, “हे बाहेरचे.” बंधूंनो, आपले आजे-पणजे कोकणातून, घाटावरून मुंबईत आले, तेव्हा ते कोण होते? त्यांना जात विचारून खोली नाकारली गेली, ते आपण विसरलो का? ज्याला ती आठवण आहे, त्याच्या तोंडी ‘बाहेरचे’ हा शब्द शोभत नाही.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्तानं चार कामं सुचवतो. पहिलं, ई-श्रमची नोंदणी. असंघटित कामगाराला, सोळा ते एकोणसाठ वयाच्या, ही नोंदणी करता येते. आपल्या मुलांनी रविवारी विहारात बसून शेजारच्या कामगारांच्या नोंदी कराव्यात. दुसरं, रेशन. गावच्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं, हे अजून कितीतरी जणांना माहीत नाही. त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत चालत जा, कारण एकट्याला दुकानदार परत पाठवतो. तिसरं, एक वही. आपल्या वस्तीत कुणाकडं कुठल्या गावची किती माणसं राहतात आणि त्यांच्या घरचा फोन कोणता, हे त्यांना विचारून, त्यांच्या संमतीनं लिहून ठेवा. ही वही पोलिसासाठी नाही. संकटात कुणी हरवू नये म्हणून आहे. चौथं, ज्यांच्या खोल्या भाड्यानं आहेत त्यांनी आजच शब्द द्यावा की संकटात कुणाला बाहेर काढणार नाही.

ह्या कामांना देणगी लागत नाही, फक्त माणसं लागतात. सभा संपली की दाराजवळच्या टेबलावर कोरी वही ठेवली आहे. ज्यांना रविवारी दोन तास देता येतील त्यांनी नाव लिहून जावं. मुलींनी आधी लिहावं, कारण अर्ज भरण्यात त्या पोरांपेक्षा हुशार आहेत.



जयभीम! जय संविधान!