माळ्यावरची छऱ्याची बंदूक

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात बंदुकीवर व्याख्यान, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींनी चष्मा पुसून पुन्हा वाचले असेल. पण आपल्या बाप्पाच्या हातात पाश आहे, अंकुश आहे. त्याला शस्त्राचे वावडे नाही. शिवाय मी बोलणार आहे ती बंदूक दारूची नाही, हवेची. आपण तिला छऱ्याची बंदूक म्हणतो. आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात फुगे लावलेल्या फळीसमोर ती हातात धरली नाही, असा माणूस या सभागृहात विरळा. नेम चुकला की 'दुकानदाराने माशी वाकवून ठेवली आहे' असे म्हणायचे, हीसुद्धा जुनी रीत.

तर जगात या जुन्या बंदुका हौसेने जमवणारी माणसे आहेत. ब्रिटनमध्ये तर पुष्कळ आहेत. बहुतेक साठी ओलांडलेले, निवृत्त झालेले. त्यांना आता कोणाला मारायचे नाही की स्पर्धा जिंकायची नाही. मग ते काय जमवतात? लोखंड की लहानपण? आणि जुने जपण्याची त्यांची जी पद्धत आहे, तिच्यातून आपल्याला काही घेण्यासारखे आहे का? एवढेच आज बोलायचे आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. नळी मधोमध मोडली किंवा खालची दांडी ओढली की आतली जाड स्प्रिंग दबते आणि खटक्यात अडकते. स्प्रिंगच्या पुढे दट्ट्या, दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वाशर. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, समोरची हवा क्षणात दाबली जाते आणि शिशाचा छर्रा ढकलते. सायकलचा पंप आठवा, तत्त्व तेच. वाशर वाळला की हवा निसटते आणि छर्रा नळीच्या तोंडाशीच टपकतो. दोन थेंब तेल मुरू दिले की शंभर वर्षांपूर्वीची बंदूकसुद्धा पुन्हा बोलू लागते. या जमवणाऱ्यांच्या आनंदाचे मोठे कारण हेच. जुना रेडिओ मुका झाला की त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. ही बंदूक मात्र साधी आहे, हाताने दुरुस्त होते.

या बंदुकांच्या गावांची नावे सांगतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम. तिथल्या बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीला, म्हणजे बीएसएला, बोअर युद्ध १९०२ मध्ये संपल्यावर लष्करी कामाची चणचण भासू लागली. लिंकन जेफ्रीज नावाच्या तिथल्याच बंदूकवाल्याने हवेच्या बंदुकीची नवी रचना केली होती. त्या रचनेच्या बंदुका बीएसएने १९०५ पासून बनवल्या. लष्करी रायफलीच्याच काटेकोरपणाने बनलेली ही वस्तू, त्यामुळे ती खेळणे राहिली नाही. गंमत अशी की आपला मेळा माधवराव शिंद्यांनी सुरू केला तोही १९०५ सालीच. आपल्या पिढीने बीएसए ही अक्षरे वाचली ती सायकलवर, थोड्या थोरांनी मोटारसायकलवर. पण तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेली त्या कंपनीची खूण मुळात बंदुकीच्या धंद्यातली. या कारखान्यावर नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्ब पडले आणि ५३ कामगार ठार झाले. बर्मिंगहॅमचा एखादा म्हातारा जुन्या बीएसएवरून हात फिरवतो तेव्हा त्याच्या बोटांखाली ही गोष्टही असते.

त्या काळी इंग्लंडच्या दारूच्या गुत्त्यांत हवेच्या बंदुकीचे सामने चालत. लोखंडी पाटी, तिच्यात बोटाच्या पेराहून लहान भोक आणि मागे घंटा. सहा-सात यार्डांवरून छर्रा भोकातून गेला की घंटा वाजे. काही गावांत हे सामने अजून होतात.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या प्लिमथ गावी १८८२ मध्ये पवनचक्क्या बनवणारी कंपनी निघाली. पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला भेट म्हणून ती हवेची बंदूक देऊ लागली. पुढे चक्की मागे पडली, बंदूक खपू लागली, आणि १८९५ मध्ये कंपनीने बंदुकीचेच नाव घेतले : डेझी. आपल्याकडेही असा प्रकार आहे. वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये काढलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी सिमेंटचे नळ बनवणारी, पण तिनेही एके काळी हवेच्या रायफली काढल्या. दस्त्याच्या वर 'आयएचपी' ही अक्षरे दिसली तर ती मुंबईची.

आता जर्मनीतली गोष्ट, जी मला आपल्या सगळ्यांची वाटते. राश्टाट गावी १८९० मध्ये मायर आणि ग्रामेलश्पाखर यांनी कारखाना काढला. त्यांच्या बंदुकीचे नाव डायना. शिकारीची रोमन देवता धनुष्य टाकून देते आहे आणि हातातली हवेची बंदूक उंचावते आहे, असे तिचे चिन्ह. दुसरे महायुद्ध जर्मनी हरला. नुकसानभरपाई म्हणून या कारखान्याची यंत्रे आणि डायना हे नाव ब्रिटनकडे गेले. स्कॉटलंडमधल्या मदरवेल गावी मिलब्रो कंपनी डायना बनवू लागली. काही वर्षांनी राश्टाटचे कारागीर पुन्हा उभे राहिले, पण ब्रिटनमध्ये माल विकताना त्यांना स्वतःचेच नाव लावता येईना. तिथे त्यांनी आपली बंदूक 'ओरिजिनल' या नावाने विकली. मिलब्रोचे काम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडले, तेव्हा कुठे नाव घरी परतले.

मग खरी डायना कोणती? जिच्याजवळ नाव आणि यंत्रे होती ती, की जिच्याजवळ हात आणि सवय होती ती? जमवणारे या प्रश्नावर तासन् तास वाद घालतात आणि शेवटी दोन्ही जमवतात. पुण्याहून आलेला पाहुणा आपले बोलणे ऐकतो आणि हसून म्हणतो, 'तुमची मराठी जरा वेगळीच हं!' आपल्याला हे नवे नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये इथे पडली, त्या छावणीचे लष्कर हे शहर झाले आणि आपण इथलेच झालो. नाव एकीकडे, माणसे दुसरीकडे. मदरवेलच्या मुलाने जी डायना खांद्याला लावली ती त्याच्यापुरती शंभर टक्के खरी होती. आपल्या आजीने हिंदी शब्द मिसळून सांगितलेली गोष्टही तशीच खरी. पाहुण्यापुढे तिची लाज वाटण्याचे कारण नाही. आणि आमचीच तेवढी शुद्ध, असा हट्ट धरण्याचेही नाही.

पण आठवण नेहमी खरे बोलते असे नाही. डेझी कंपनीची 'रेड रायडर' ही बंदूक अमेरिकेत १९४० च्या सुमारास आली. जीन शेफर्ड या लेखकाने आपल्या लहानपणीच्या नाताळावर लिहिले आणि त्यावरून १९८३ मध्ये चित्रपट निघाला. त्यातल्या मुलाला हवी असते ती रेड रायडर, दस्त्यावर होकायंत्र आणि सूर्यघड्याळ असलेली. तशी रेड रायडर कंपनीने कधी बनवलीच नव्हती. होकायंत्र आणि सूर्यघड्याळ असायचे ते 'बक जोन्स' या दुसऱ्या नमुन्यावर. लेखकाच्या मनात दोन बंदुकांची एक झाली होती. मग चित्रपटासाठी डेझीने त्याच्या आठवणीबरहुकूम बंदुका जुळवून दिल्या. आठवण वस्तूसारखी नव्हती, म्हणून वस्तूच आठवणीसारखी केली!

ऐकायला गंमत वाटते, पण घराघरांत हेच चालते. आजोबांची एक गोष्ट आणि काकांची दुसरी, मिळून तिसरीच होते आणि तीच नातवंडांना खरी वाटते. म्हणून जाणते जमवणारे आठवणीवर विसंबत नाहीत. बंदुकीवरचा क्रमांक वाचतात, पेटंटची तारीख पाहतात, जुने सूचीपत्र उघडतात. आठवण प्रिय असेल तर ती तपासून घ्यावी, हा त्यांचा पहिला नियम.

दुसरा नियम दुरुस्तीचा. नवशिका जुनी बंदूक हाती येताच दस्ता पॉलिश कागदाने घासतो, नळीला नवा निळा रंग चढवतो. बंदूक चकचकीत होते, पण दस्त्यावर कोरलेली खूण पुसट होते, कोणाच्या तरी गालाने आणि तळहाताने शंभर वर्षे दिलेली झळाळी जाते. जाणकाराच्या दृष्टीने तिची किंमतही उतरते. तो स्प्रिंग बदलतो, वाशर बदलतो, गंज वाढू नये म्हणून तेलाचा हात देतो. पृष्ठभागाला मात्र हात लावत नाही. झिजण्यासाठीच जे भाग असतात ते बदलायचे, ओळख ज्यात आहे ते राखायचे.

आपल्या उत्सवात दर वर्षी वाद होतात. पत्रिका छापायची की मोबाइलवर पाठवायची, नाटक दोन अंकी की एकांकिका, आरत्या किती म्हणायच्या. वाद घालताना आपण एवढे विचारावे, की आपण बोलतो आहोत तो वाशर आहे की दस्त्यावरची खूण? कागदी पत्रिका वाशर आहे, ती खुशाल बदला. पण नातवाने आरती रोमन अक्षरांत लिहून न घेता देवनागरीत वाचावी, ही मला खूण वाटते. कोणाला उलटे वाटेल. वाटू द्या. वाद त्या पातळीवर व्हावा.

आता जी गोष्ट या छंदातले लोक कमी बोलतात, ती बोललीच पाहिजे. मुलाच्या हातात ही बंदूक आली की पहिला नेम फुग्यावर नव्हता, चिमणीवर होता. मुंबईच्या खेतवाडीत राहणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने मामाने दिलेल्या हवेच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नव्हे हे त्याला जाणवले. मामाच्या सांगण्यावरून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, पीतकंठी चिमणी, आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नावच दिले 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. त्या पडलेल्या चिमणीतून देशाला पक्षिशास्त्र मिळाले. पण मिलार्डांसारखा दार उघडणारा माणूस प्रत्येक मुलाला भेटला नाही, आणि बाकीच्या चिमण्या नुसत्याच मेल्या.

अरुणाचल प्रदेशात पाखरे इतकी कमी झाली की २०२१ मध्ये सरकारने लोकांना हवेच्या बंदुका परत करायला सांगितले. दोन हजारांहून अधिक बंदुका लोकांनी आपण होऊन आणून दिल्या. जुन्या दिवसांच्या आठवणीत रमताना ही बाजू झाकली, तर तो जिव्हाळा अर्धा आहे. आणि याच बंदुकीच्या पुढच्या पिढीने अंजली भागवतांना २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत नेले, अभिनव बिंद्राला २००८ मध्ये सुवर्णपदक दिले आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलला २०२२ मध्ये जगज्जेता केले. लक्ष्य बदलले की तीच हवा, तोच छर्रा वेगळे काम करतो.

शेवटी थोडे व्यवहाराचे. तुमच्या घरी माळ्यावर अशी बंदूक असेल, तर ती भरलेली आहे असे समजूनच खाली उतरवा. नळी कोणाकडे रोखू नका. छर्रा न घालता चाप ओढू नका, दट्ट्या आदळून फुटतो. स्प्रिंग दाबलेली ठेवू नका. हाताळून झाल्यावर तेलाच्या फडक्याने पुसा, घामाने बोटांचे ठसे गंजतात. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांत ४.५ मिलीमीटरची नळी आणि २० ज्यूलची शक्ती या मर्यादा आहेत. त्यापुढची बंदूक असेल तर परवान्याचा प्रश्न येतो, तेव्हा आधी नळी मोजून घ्या.

आणि एक काम करा. बंदूक असो, अडकित्ता असो, पितळी समई असो, तिच्यासोबत एक कागद ठेवा : कोणी घेतली, कुठून, कोण वापरत असे. खात्रीचे तेवढेच लिहा, ऐकीव असेल तर 'ऐकीव' असे लिहा. ब्रिटनमधल्या जमवणाऱ्यांच्या हाती हजारो बंदुका आल्या, पण आधीच्या मालकाचे नाव सोबत असलेल्या फार थोड्या. त्या थोड्याच ते पुढच्या माणसाला सर्वांत आधी दाखवतात. विसर्जनाला अजून दिवस आहेत. कागद मराठीतच लिहा, आणि नातवाकडून लिहवून घेतला तर फारच उत्तम.

 गणपती बाप्पा मोरया!