मैत्रीचा क्रमांक कोणी लावावा?

(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे ग्रामस्थ, शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या यंत्राकडून प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका सूक्ष्म फरक टिपण्याची अपेक्षा असते. अशा यंत्रावर काम करणारा शास्त्रज्ञ सर्वप्रथम एक प्रश्न विचारतो. नोंदवली गेलेली हालचाल दूरच्या अवकाशातून आलेल्या लहरीची आहे, की शेजारच्या रस्त्यावरून गेलेल्या मालमोटारीची? आकडा दिसला एवढ्यावरून तो हव्या त्याच गोष्टीचा आहे, असे तो कधीही गृहीत धरत नाही.

नेमका हाच प्रश्न आज मुलांच्या हातातील फोनला विचारण्याची वेळ आली आहे. त्या फोनमध्येही एक मापनयंत्र बसलेले आहे आणि ते मैत्री मोजल्याचा आव आणते. कोणाचा कोण जिवलग, कोण पहिला, कोण आठवा, हे ते ठरवते. आणि ठरवून थांबत नाही, तर ते दाखवते.

वहीतून यंत्राकडे

मित्रांची प्रतवारी करण्याची ही रीत एका दिवसात आलेली नाही. अमेरिकेत २००३ साली सुरू झालेल्या ‘मायस्पेस’ या संकेतस्थळावर वापरकर्त्याने आपले आठ आवडते मित्र निवडून सर्वांना दिसतील असे मांडायचे असत. कोणाला वर घेतले आणि कोणाला वगळले, यावरून रुसवेफुगवे होत. जानेवारी २००४ मध्ये आलेल्या ‘ऑर्कुट’ने भारतीय तरुणाईला वेड लावले. तेथेही मित्राची वर्गवारी करता येई. केवळ ओळखीचा, मित्र, चांगला मित्र, जिवलग मित्र. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ‘ऑर्कुट’ बंद झाले, पण प्रतवारीची कल्पना टिकून राहिली. ‘व्हॉट्सअ‍ॅप’ने २०१७ मध्ये तीन संभाषणे यादीच्या शीर्षस्थानी टाचून ठेवण्याची सोय दिली. ‘इन्स्टाग्राम’ने नोव्हेंबर २०१८ मध्ये जवळच्या मित्रांची वेगळी यादी आणली.

या सर्वांत एक गोष्ट समान होती. क्रम लावणारा माणूस होता. चूक असो वा बरोबर, निवड त्याची होती आणि तिची जबाबदारीही त्याचीच होती. ‘व्हॉट्सअ‍ॅप’वर टाचलेले नाव तर दुसऱ्या कोणाला कळतही नाही. आईचे नाव सर्वांत वर ठेवणारा मुलगा ते जगाला दाखवण्यासाठी ठेवत नाही.

२०११ साली सुरू झालेल्या ‘स्नॅपचॅट’ने ही निवड माणसाच्या हातून काढून घेतली. कोण कोणाला किती वेळा छायाचित्रे व संदेश पाठवतो याचा हिशेब यंत्र ठेवू लागले आणि त्यावरून ‘सर्वोत्तम मित्र’ ठरवू लागले. आरंभीच्या काळात ही यादी इतरांनाही पाहता येत असे. जानेवारी २०१५ मध्ये ती सार्वजनिक यादी काढून टाकण्यात आली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तिची जागा नावासमोरील छोट्या चिन्हांनी घेतली. दोघे परस्परांच्या यादीत पहिले असतील तर पिवळे हृदय. दोन आठवडे तसेच राहिले तर लाल. दोन महिने टिकले तर गुलाबी. आणि आणखी एक चिन्ह, ओठांच्या कोपऱ्यात हसणारा चेहरा. त्याचा अर्थ असा की, समोरच्याच्या अग्रक्रमात तुम्ही आहात, पण तुमच्या अग्रक्रमात तो नाही. दोन मनांमधील जे अंतर सुसंस्कृत माणूस शब्दांतही आणत नाही, ते येथे चित्र होऊन नावासमोर बसले.

पुढची पायरी व्यापाराची होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्नॅपचॅट प्लस’ ही सशुल्क सेवा भारतात महिना ४९ रुपयांना सुरू झाली. तिच्यात सूर्यमालेची कल्पना आली. मित्र हा सूर्य आणि पैसे भरणारा हा ग्रह. बुध म्हणजे सर्वांत जवळचा, नेपच्यून म्हणजे आठवा. मित्राच्या मनात आपले स्थान कितवे, हे जाणून घेण्याची किंमत ठरली. अमेरिकेतील किशोरवयीन मुलांना यामुळे होणाऱ्या मनस्तापाचे वृत्त ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने प्रसिद्ध केल्यानंतर, एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ही सोय आपोआप सुरू राहणार नाही, असा बदल केला. मात्र ती काढून टाकली नाही. हवी असेल त्याने ती चालू करावी, एवढेच झाले.

यंत्र नेमके काय मोजते?

आता शास्त्रज्ञाचा प्रश्न विचारू या. हा आकडा कशाचा आहे?

‘स्ट्रीक’ या नावाने मुलांना ठाऊक असलेली साखळी पाहावी. दोघांनी दर चोवीस तासांत एकमेकांना छायाचित्र किंवा चित्रफीत पाठवली की साखळी सुरू राहते. नावासमोर ज्योत दिसते आणि शेजारी दिवसांचा आकडा वाढत जातो. वेळ संपत आली की वाळूचे घड्याळ उमटते. यात लिखित संदेश धरला जात नाही. म्हणजे वडिलांच्या आजारपणात मित्राने धीर देणारी चार पाने लिहून पाठवली, तर ती शून्य. आणि घाईघाईत भिंतीचे किंवा छताचे अर्धवट चित्र पाठवले, तर तो एक दिवस जमा. जगभरातील मुले असेच करतात. कोऱ्या भिंतीचे, अंधाऱ्या खोलीचे चित्र पाठवून साखळी राखतात. परीक्षेच्या वा प्रवासाच्या दिवसांत आपला गुप्त परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती देतात, का तर तेवढ्या दिवसांत आकडा तुटू नये. मैत्री आकड्यासाठी राबू लागते, ती अशी.

याहून गंभीर बाब गावाच्या संदर्भात लक्षात येते. दोन मैत्रिणी एकाच वर्गात आहेत, असे समजा. एकीकडे स्वतःचा फोन आहे. दुसरीच्या घरी मिळून एकच फोन आहे आणि हळद काढणीच्या हंगामात तो वडिलांबरोबर पहाटेच शेतात जातो. रात्री फोन घरी येतो तेव्हा त्यात चार्जिंग नसते, किंवा रिचार्ज संपलेला असतो. पहिलीची साखळी शहरातील एखाद्या नव्या ओळखीशी दोनशे दिवस चालते. रोज एका बाकावर बसणारी, डबा वाटून खाणारी, आजारी पडल्यावर अभ्यासाची वही घरी आणून देणारी मैत्रीण मात्र त्या यादीत कोठेच नसते. यंत्राच्या लेखी ती मैत्रीण नाहीच. कारण यंत्राने मोजला तो फोन कोणाच्या हाती किती वेळ आहे हा हिशेब. परिस्थितीतील अंतर मनातील अंतर म्हणून मांडले गेले. ज्या मुलीला आधीच पुष्कळ गोष्टींत मागे राहावे लागते, तिला मैत्रीतही मागचा क्रमांक मिळाला, आणि त्यात तिचा दोष एवढाच की तिच्या घरी फोन एक आहे.

मग असे सदोष मापन चालू का ठेवले जाते? कारण कंपनीच्या दृष्टीने ते सदोष नाही. या कंपन्यांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येते आणि वापरकर्ता रोज परत येणे हाच त्या उत्पन्नाचा पाया असतो. साखळी तुटेल या भीतीने मूल रोज परत येते. मे २०२३ मध्ये ‘स्नॅपचॅट’ने भारतात दरमहा वीस कोटींहून अधिक वापरकर्ते असल्याचे जाहीर केले. एवढ्या मोठ्या समाजातील स्नेहसंबंधांची मोजपट्टी ज्यांच्या हाती आहे, त्यांना स्नेहाचे कर्तव्य नाही, हे विसरता कामा नये.

परंपरेची कसोटी

मैत्रीची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न या भूमीला नवा नाही. भर्तृहरीने नीतिशतकात सन्मित्राची लक्षणे सांगितली आहेत. मित्राला वाईटापासून परावृत्त करणे, हिताकडे वळवणे, त्याचे गुपित राखणे, त्याचे गुण प्रकट करणे, संकटात साथ न सोडणे आणि वेळेला देणे. या सहांत किती वेळा भेटला, किती वेळा बोलला, याला स्थान नाही. आणि गुपित राखणे हे लक्षण तर आजच्या प्रदर्शनाच्या अगदी उलट टोकाला उभे आहे.

दूर जाण्याचेही कारण नाही. याच जिल्ह्यातील नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी मानली जाते. नामदेव आणि ज्ञानेश्वर यांनी बरोबर केलेली तीर्थयात्रा वारकरी परंपरेने जिव्हाळ्याने जपली आहे. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. नामदेव त्यानंतर ५४ वर्षे, १३५० पर्यंत जगले. या ५४ वर्षांत त्या मित्राकडून एकही निरोप येणार नव्हता. चोवीस तासांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राने ती मैत्री दुसऱ्याच दिवशी संपल्याचे जाहीर केले असते. पण नामदेवांनी ती भक्तीची पताका पंजाबातील घुमानपर्यंत नेली. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत.

चोखोबांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा गेले. तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. त्या काळच्या समाजाने चोखोबांना शेवटचा क्रमांक दिला होता. नामदेवांच्या मैत्रीने तो क्रमांक मानला नाही. बाहेरून लादलेली उतरंड नाकारण्याचे बळ मैत्रीत असते. आज तिच्यातच नवी उतरंड घुसवली जात आहे, म्हणून सावध राहायचे.

खेड्यातील सावड आणि इर्जिक यांतही हेच सूत्र होते. कोणाचे बैल किती दिवस कोणाच्या रानात चालले, हे सर्वांना ठाऊक असे. पण त्यावरून कोण कोणाचा पहिला आणि कोण आठवा, याची पाटी चावडीवर लागत नसे.

करावे काय?

फोन हिसकावून घेणे हा उपाय नव्हे. त्याने मुलाचा विश्वास जातो आणि फोन लपूनछपून येतो. शिक्षकांनी वर्गात या चिन्हांचा अर्थ उघडपणे समजावून सांगावा. आकडा कसा तयार होतो हे कळले की त्याचा धाक निम्म्याने उतरतो. पालकांनी ‘किती वेळ फोन पाहतोस’ या प्रश्नाबरोबर ‘तुझी मैत्रीण चार दिवस शाळेत का आली नाही’ हेही विचारावे. आणि विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. दोघा मित्रांनी आपसांत ठरवून ती साखळी एकदा तुटू द्यावी. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी भेट झाल्यावर काय उरले आहे, ते त्यांचे त्यांनाच दिसेल.

कायद्याचाही आधार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मूल कोणाशी रोज किती वेळा बोलते याची मोजदाद करणे या मनाईत बसते की नाही, हा प्रश्न पालक-शिक्षक संघांनी आणि ग्रामसभांनी विचारला पाहिजे. तो विचारण्याचा अधिकार दिल्ली-मुंबईच्या तज्ज्ञांइतकाच साखऱ्याच्या मातापित्यांनाही आहे.

दुधाळ्याचे यंत्र उद्या दूरच्या अवकाशाचा वेध घेईल, आणि त्याचा अभिमान प्रत्येकाला वाटावा. कारण ते जे मोजता येते तेच मोजणार आहे. अडचणीच्या रात्री दाराशी कोण येऊन उभा राहतो, हे मात्र कोणत्याही यादीत आधी लिहिलेले नसते. ती नोंद ज्याची त्याने मनात ठेवायची असते, आणि वेळ आली की आपणही कोणाच्या तरी दाराशी जाऊन उभे राहायचे असते.