हिंबा स्त्रीचा तांबडा साज



आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर नामिबिया हा देश आहे. १९९० सालीं तो स्वतंत्र झाला. त्याच्या वायव्य कोपऱ्यांत, अंगोलाच्या सरहद्दीवरून वाहणाऱ्या कुनेने नदीच्या आसपास, हिंबा नांवाचे गोपालक लोक राहतात. मुलूख रुक्ष, पाऊस लहरी. तेथील स्त्रियांचीं छायाचित्रें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. आपादमस्तक तांबूस अंगकांति, कमरेस कातड्याचें आंखूड वस्त्र आणि वर नुसते दागिने! पाहणारा सहज म्हणून जातो, 'या बायका उघड्याच वावरतात.' हा अभिप्राय मला मान्य नाहीं.

तो तांबूस रंग म्हणजे 'ओचिझे' नांवाचा लेप. कुटलेला गेरू लोण्याच्या तुपांत कालवावयाचा, सुवासासाठीं त्यांत एका रानझुडपाचा डीक घालावयाचा आणि सर्वांगास व केंसांस तो लावावयाचा. पाणी दुर्मिळ, म्हणून स्नानहि धुराचें. निखाऱ्यांवर सुगंधी वनस्पति टाकून तिची धुरी घेतात. गेरूमुळें सूर्याचे अतिनील किरण अडतात, असें प्रयोगान्तीं आढळलें आहे. तथापि त्या स्त्रिया या उपयोगापेक्षां सौंदर्याचीच गोष्ट अधिक सांगतात. लेपावांचून चारचौघांत जाणें त्यांना ओकेंबोकें वाटतें.

केंसांत तर साऱ्या आयुष्याची नोंद असते. लहान मुलीच्या दोन वेण्या पुढें कपाळावर लोंबतात. ती वयांत येऊं लागली कीं लेपानें थापलेल्या अनेक बटा चेहऱ्यावर उतरतात. उपवर झाली कीं त्याच मागें बांधावयाच्या. लग्नानंतर डोक्यावर 'एरेंबे' हें कातड्याचें शिरोभूषण चढतें. पुरुषांचेंहि तसेंच. अविवाहित तरुणाची एकच वेणी मागें रुळते, विवाहित पुरुष डोकें वस्त्रानें झांकतो. म्हणजे परिचय होण्यापूर्वींच समोरच्या माणसाचें वय व संसार कळावा, अशी ही सोय आहे. एवढें सांगणाऱ्या वेषास उघडेपणा कसा म्हणावा?

याच हिंबांची भाषा बोलणारे हेरेरो लोक त्यांचे भाऊबंदच. हेरेरो स्त्रियांनीं एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांच्या संगतीनें युरोपियन पद्धतीचा पायघोळ झगा उचलला; डोक्याला मात्र गाईच्या शिंगांसारखें आडवें शिरोवस्त्र! पुढें १९०४ ते १९०८ या काळांत जर्मन राजवटीनें हेरेरोंचा भीषण संहार केला. त्याच परकीयांकडून आलेला झगा आज हेरेरो स्त्री आपला म्हणून अभिमानानें मिरविते. ओपुवो गांवच्या दुकानांत या दोघी शेजारीं शेजारीं उभ्या दिसतात, आणि दोघीहि पूर्ण वेषांत असतात.

पर्यटक येतात, छायाचित्रें घेतात, दागिने विकत घेतात. त्यांतून घरांत चार पैसे येतात, हें खरें. अडचण निराळीकडे आहे. शाळेंत मुलांना आपला पोषाख व केशरचना टाकावी लागते, अशी तक्रार हिंबांच्या प्रमुखांनीं २०१२ सालीं जाहीरपणें मांडली. शिक्षण त्यांनाहि हवें आहे. परंतु वर्षानुवर्षें वाढविलेली वेणी कापावयाची कीं मुलीस शाळेंतून काढावयाचें, हा निर्णय तेथील आईबापांवर येऊन पडतो.