वत्सगुल्मातले लग्न



तत्त्वज्ञानाची परिषद वाशीमला कशाला, या प्रश्नाचे उत्तर संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने हजारेक वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघतो. त्याला वश करण्यासाठी गौरी साहित्यविद्या निर्माण करते. ती देशोदेशी त्याच्या मागे हिंडते आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्मात दोघांचा गांधर्व विवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे हेच वाशीम. वऱ्हाडी मंडळी जरा उशिरा पोचली, एवढेच!

गंमत अशी की गाव खरे, नवरदेव मात्र कधी नव्हताच.

विचार, इच्छा, भीती नेहमी कशाविषयी तरी असतात, हे तत्त्वज्ञ फ्रान्झ ब्रेंटानोने १८७४ साली मांडले. मग नसलेल्या नवरदेवाविषयी विचार होतो कसा? माइनाँगने अशा विषयांनाही जागा दिली. रसेलने १९०५ मध्ये ती काढून घेतली आणि वाक्याचीच फोड केली: आधी ‘असा कोणी आहे’, मग ‘त्याचे लग्न झाले’. त्याच्या हिशेबाने ‘काव्यपुरुषाचे लग्न वत्सगुल्मात झाले’ हे विधान खोटे. संस्कृतच्या पेपरात मात्र त्यालाच गुण मिळतात. रसेलचा इलाज इथे तोकडा पडतो, हे मान्य करायला हवे.

फ्रेगेने १८९२ मध्ये पहाटेचा तारा आणि सांजतारा घेऊन दुसरा पेच मांडला: दोन्ही शुक्रच. वाशीमकरांना त्यासाठी आकाशाकडे पाहायला नको. १९३९ साली इथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. राज्यवर्ष ३७, दिलेला वत्सगुल्माहून. वंशावळ संस्कृतात, तर दानाचा तपशील प्राकृतात. समजा, बाहेरगावच्या एका विद्यार्थ्याने वत्सगुल्म ही वाकाटकांची राजधानी असल्याचे पाठ केले आहे. तो वाशीमच्या स्टँडवर उतरून चहा पितो, पण आपण त्याच राजधानीत उभे आहोत, हे त्याच्या गावीही नसते. गाव एकच, समजुती दोन. नावाचा अर्थ नुसते ते गाव एवढाच असता, तर ‘वत्सगुल्म म्हणजे वाशीम’ या वाक्याने त्याच्या ज्ञानात काय भर पडली असती?

यावर राजधानीचे वर्णन हाच नावाचा अर्थ, असे म्हणावे तर क्रिपकी आडवा येतो: वाकाटकांनी राजधानी दुसरीकडे नेली असती, तरी वत्सगुल्म हे वत्सगुल्मच राहिले असते.

पहिले सत्र याच वादावर आहे. दोन्ही पक्षांच्या वक्त्यांची उतरण्याची सोय स्वागत समितीने मुद्दाम एकाच ठिकाणी केली आहे; रात्रीच्या जागरणाची जबाबदारी त्यांची.